एका कपाचा हिशोब: टी-बॅग, पातेल्यातला गोड चहा आणि तुमचा पहिला धंदा



व्हिडिओत वेळ कमी असतो, आकडे भरभर निघून जातात. म्हणून हा धडा इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन आणि जमलं तर किचनमधला छोटा वजनकाटा जवळ घेऊन बसा. आजचा विषय आहे चहा. हो, आपण सकाळी उठून करतो तोच साधा गोड चहा आणि दुकानात मिळणारी टी-बॅग.

"सर, चहाच्या धंद्यात सत्तर टक्के मार्जिन असतं म्हणतात, खरं का?" हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात कायम येतो. त्याच्या मागे बहुतेक वेळा एक निर्णय असतो. कुणी फ्रँचायझीसाठी लाखो रुपये भरायला निघालेलं असतं, कुणी बायकोचे दागिने गहाण टाकायच्या विचारात असतं, तर कुणी मुंबईतली नोकरी सोडून रत्नागिरीला परत यायचं ठरवत असतं. अशा माणसाला मी आधी एकच विचारतो, "तुमच्या घरचा एक कप चहा तुम्हाला कितीला पडतो?" याचं उत्तर पैशांपर्यंत देता आलं पाहिजे. अंदाजे नको.

हे उत्तर काढायला दुकान लागत नाही. आपलं स्वयंपाकघर पुरतं. चला सुरू करू.

१. पिशवीत काय असतं आणि पुड्यात काय असतं

टी-बॅगेतला चहा आणि पुड्यातली चहा पावडर एकाच झाडाची. फरक आहे तो प्रक्रियेचा आणि दाण्याच्या आकाराचा. आपण रोज वापरतो ती पावडर बहुतेक सीटीसी पद्धतीची असते. क्रश, टेअर, कर्ल म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं आणि गोल वळवायचं. ही यंत्रं १९३० च्या दशकात आसाममध्ये आली. या पद्धतीने झालेला चहा पटकन रंग सोडतो, कडक होतो आणि दूध घातलं तरी दबत नाही. शिवाय कमी पावडरीत जास्त कप निघतात. आपल्या देशात चहा गरिबाच्या घरात पोचला त्यात या दाण्याचा मोठा वाटा आहे.

कारखान्यात हा चहा चाळून प्रतवारी होते. मोठा दाणा, मध्यम दाणा, बारीक कण म्हणजे फॅनिंग्ज आणि सगळ्यात खालची डस्ट. "डस्ट" ऐकून नाक मुरडू नका. हा झाडून काढलेला कचरा नाही, ते बारीक आकाराच्या प्रतीचं नाव आहे. टी-बॅगेत साधारण फॅनिंग्ज किंवा डस्टच भरतात, कारण दाणा जितका बारीक तितका तो पाण्यात लवकर उतरतो. पिशवीला दोन-तीन मिनिटांतच काम उरकायचं असतं.

आता वजन बघा. नेहमीच्या एका टी-बॅगेत जवळपास २ ग्रॅम चहा असतो. काही कंपन्या थोडा कमी भरतात. बॉक्सवर निव्वळ वजन छापलेलं असतं, त्याला पिशव्यांच्या संख्येने भागा. समजा १०० पिशव्यांचा, २०० ग्रॅमचा बॉक्स तुम्हाला १८० रुपयांना मिळाला. एक पिशवी पडली १ रुपया ८० पैशांना. किलोचा भाव काढला तर तो होतो ९०० रुपये! आणि राम आळीत तुम्ही घेता ती चांगली सुटी पावडर समजा ४८० रुपये किलो. म्हणजे चहासाठी तुम्ही जवळजवळ दुप्पट भाव देताय. जास्तीचे पैसे जातात ते कागद, दोरा, पाकीट आणि सोय यांना.

सोयीला पैसे मोजणं चूक नाही. पण सोय नेमकी कुणाची होतेय, ते कळलं पाहिजे. याकडे पुढे येतो.

२. पिशवीचा चहा दुधात पाणचट का लागतो?

"टी-बॅगचा चहा म्हणजे फुळकवणी," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बऱ्याचदा दोष पिशवीचा नसतो, करण्याच्या पद्धतीचा असतो. पिशवी बनली आहे ती उकळत्या पाण्यासाठी. आपण काय करतो? कोमट दूध-पाणी एकत्र करतो आणि त्यात पिशवी बुडवून चार वेळा वर-खाली करतो. दुधामुळे पाणी निवतं, चहा उतरत नाही. जो उतरतो त्याचा तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात. मग चव येणार कुठून?

पिशवीचा चांगला गोड चहा असा करा, एका मोठ्या कपासाठी:

- १२० मिली पाणी, दोन चमचे साखर आणि ठेचलेलं आलं एकत्र खळखळून उकळा.
- गॅस बंद करा. दोन पिशव्या सोडा, वर झाकण ठेवा. चार मिनिटं हात लावू नका.
- पिशव्या उचला. चमच्याने दाबून पिळू नका, तुरटपणा वाढतो.
- आता ८० मिली गरम दूध घाला. गरम म्हणजे गरम, फ्रिजमधलं नव्हे.

करून बघा. फुळकवणी नक्की होणार नाही. पण दोन पिशव्या लागल्या, म्हणजे ३ रुपये ६० पैशांचा नुसता चहा. हा आकडा वहीत लिहा.

एक काळजीची गोष्ट. जुन्या पद्धतीच्या पिशव्यांना दोरा लावायला स्टेपलरची पिन असायची. ती पोटात जाऊ शकते म्हणून देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशी पिन लावायला मनाई केली. उत्पादकांना दिलेली मुदतही केव्हाच संपली. तरी घाऊक बाजारात स्वस्त माल घेताना एक पिशवी उघडून बघा. पिन दिसली तर तो माल गिऱ्हाइकापुढे ठेवू नका.

३. गिऱ्हाईक तुमची वस्तू बदलतं, तेव्हा ऐका

टी-बॅगेची एक गोष्ट सांगितली जाते. पिशव्यांचं पेटंट अमेरिकेत १९०३ मध्येच झालं होतं. पण १९०८ च्या सुमारास थॉमस सलिव्हन नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने चहाचे नमुने छोट्या रेशमी पिशव्यांत घालून पाठवले. त्याचा उद्देश एवढाच, की पिशवी फोडून चहा काढावा. गिऱ्हाइकांनी सरळ पिशवीच गरम पाण्यात टाकली! आणि पुढच्या ऑर्डरी पिशव्यांच्याच आल्या, असं म्हणतात.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. मळेवाल्यांनी १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून घेतला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू केला. पुढे १९३० च्या दशकात परदेशी बाजार मंदावला, तेव्हा जोर आला तो इथल्या गिऱ्हाइकावर. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याचे फलक लागले, गावोगाव प्रात्यक्षिकं झाली. शिकवलेली पद्धत विलायती होती: पाणी उकळा, पावडर भिजत ठेवा, वरून थोडंसं दूध. आपल्या चहावाल्यांनी काय केलं? पावडर कमी केली, दूध-साखर वाढवली, आलं-वेलची घातली आणि सगळं एकत्र उकळलं. मळेवाल्यांना ते आवडलं नाही, कारण त्यात पावडर कमी खपते. पण टिकला तो चहावाल्याचाच चहा. पुण्यात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी समोर पितळी पातेलं मांडून "अमृततुल्य" उभं केलं, मुंबईत "कटिंग" आलं. दोन्ही गिऱ्हाइकाची जीभ आणि खिसा बघून घडलेल्या वस्तू आहेत.

तुमच्यासाठी धडा: तुम्हाला आवडतो तो चहा विकायचा नसतो. रत्नागिरीत कितीतरी घरी अजूनही कोरा चहा पितात, कुणी गुळाचा, कुणी गवती चहाची पात घालून. दूध इथे कायमच जपून वापरायची वस्तू. आजही पिशवीतलं दूध बरंचसं घाटावरून येतं. असं असताना पुण्याचा दाट दुधाळ चहा इथे जसाच्या तसा चालेल, हे गृहीत धरू नका. विचारा, पाजून बघा.

४. पातेल्यातला चहा: प्रमाण पक्कं करा

घरी आपण "हाताच्या अंदाजाने" करतो. घरी ते ठीक. धंद्यात हाताचा अंदाज म्हणजे पाकिटाला पडलेलं भोक. खालचं प्रमाण १ लिटर तयार चहासाठी आहे. हे सुरुवातीचं माप समजा, चव बघून बदला. पण बदललं की लिहून ठेवा.

- पाणी ६०० मिली
- दूध ५५० मिली
- चहा पावडर २५ ग्रॅम
- साखर ८० ग्रॅम
- आलं १५ ग्रॅम, वेलची ५-६

घातलं ११५० मिली, मिळणार साधारण १ लिटर. बाकीचं वाफेत जातं आणि चोथा पितो.

कृती करताना क्रम महत्त्वाचा:

१) पाण्याचं आधण ठेवा. साखर त्यातच घाला.
२) उकळी आली की ठेचलेलं आलं घाला आणि दोन मिनिटं उकळू द्या. कच्च्या आल्यात दूध फाडणारा घटक असतो, उकळल्यावर त्याचा जोर जातो. "माझं दूध आल्यामुळे फाटतं" म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाळावा.
३) पावडर घाला. मध्यम आचेवर दोन मिनिटं.
४) दूध वेगळं गरम करून घाला. गार दूध ओतलं की उकळी मोडते आणि गॅस जास्त जळतो.
५) दोनदा वर येऊ द्या, वेलची घाला, झाका, दोन मिनिटांनी गाळा.

गुळाचा चहा करणार असाल तर गूळ शेवटी, गॅस बंद केल्यावर घाला. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती असते. कोऱ्या चहात हा प्रश्नच नाही, तिथे गूळ पाण्याबरोबर उकळला तरी चालतो.

थर्मासमध्ये भरायचा असेल तर थर्मास आधी उकळत्या पाण्याने धुऊन गरम करा. चहा गाळूनच भरा. चोथा आत राहिला तर तासाभरात चहा कडू होतो. आणि भरलेला चहा दोन तासांच्या आत संपेल अशी फेरी आखा. उरलेला पुन्हा उकळून विकायचा नाही. जे गिऱ्हाईक एकदा तो कडवट चहा पितं, ते तक्रार करत नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून दुसरीकडे जातं.

५. आता खरा हिशोब

पुढचे भाव मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या दुकानाचे आजचे भाव घालून पुन्हा करा.

१ लिटर चहाला:

- दूध ५५० मिली, ६० रुपये लिटरने: ३३ रुपये
- पावडर २५ ग्रॅम, ४८० रुपये किलोने: १२ रुपये
- साखर ८० ग्रॅम, ४५ रुपये किलोने: ३ रुपये ६० पैसे
- आलं-वेलची: ४ रुपये
- गॅस: ४ रुपये

एकूण ५६ रुपये ६० पैसे. १०० मिलीचे १० कप धरले तर कप पडला ५ रुपये ६६ पैशांना.

इथे बहुतेक लोक वही मिटतात. "साडेपाचला पडतो, दहाला विकतो, जवळजवळ अर्धा नफा!" थांबा. दहा कपांतला एक सांडतो, उरतो किंवा "जरा चव बघा" म्हणून फुकट जातो. विकले जातात नऊ. म्हणजे कप ६ रुपये २९ पैशांना पडला. त्यात कागदी कप ७० पैसे. झाले ७ रुपये. दहाच्या कपात हातात उरले ३ रुपये.

समजा भाट्याची एक ताई घरी चहा करून शहरातल्या ऑफिसांत थर्मासने पोचवायचं म्हणते. जयस्तंभाच्या बाजूची दोन-तीन कार्यालयं मिळाली, दिवसाला ६० कप ठरले. ६० गुणिले ३ म्हणजे १८० रुपये. स्कूटीचं पेट्रोल ५० रुपये वजा. उरले १३०. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,२५० रुपये. यातून अजून ताईची मजुरी काढायची आहे! कुठे गेलं सत्तर टक्के मार्जिन?

घाबरू नका, हिशोब समोर आला की दुरुस्तीही दिसते. दोन ठिकाणं बघू.

कपाचं माप. बहुतेक टपऱ्यांवर कटिंग १०० मिलीपेक्षा लहानच असतं. कप ८० मिलीचा केला तर लिटरमधून १२ कप निघतात, ११ विकले धरा. आता कप ५ रुपये १५ पैसे, कागदी कप धरून ५ रुपये ८५ पैसे. हातात उरतात ४ रुपये १५ पैसे. ६० कपांचे २४९, पेट्रोल जाऊन १९९. महिन्याला ४,९७५. नुसत्या २० मिलीने महिन्याला १,७२५ रुपयांचा फरक. पण हे पहिल्या दिवसापासून करा. आधी मोठा कप देऊन नंतर गुपचूप लहान केला तर गिऱ्हाईक ओळखतं.

सैल हात. १०० मिलीच्या हिशोबात ६० कपांना साधारण पावणेसात लिटर चहा लागतो. प्रत्येक लिटरमागे दूध ५५० ऐवजी ६५० मिली पडलं तर रोजचं दूध ४० रुपयांनी वाढतं. महिन्याला १,००० रुपये. ताईच्या ३,२५० पैकी जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि कुणी चोरलेला नाही. म्हणून मापाचा मग ठेवा, वरच्या रेघेपर्यंत एकदाच ओता.

भाव वाढवायचा पर्यायही आहे. ऑफिसात जागेवर, वेळेवर, स्वच्छ चहा येतोय याला किंमत आहे. टपरीचा दहा असेल तर पोचवलेला बारा का नसावा? तो नीट सांगता आला पाहिजे.

उधारी विसरू नका. "महिन्याचं बिल एकदम देतो," असं ऑफिसवाले म्हणतील. ६० कप, ७ रुपये खर्च, २५ दिवस म्हणजे १०,५०० रुपये तुमचे अडकले. एवढं भांडवल हातात नसेल तर दुधवाल्याचं बिल थकतं. त्यापेक्षा ५० कपांचं कुपन-पुस्तक आधी विका. चहावाल्याकडे कुपन मागायला लोकांना लाज वाटत नाही, तुम्हालाही विकायला वाटू देऊ नका.

६. मग टी-बॅग कुठे कामाची?

आता सोय कुणाची, या प्रश्नाकडे येऊ. गणपतीपुळे, आरे-वारे, पावस या भागात अनेकांनी घराच्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली आहे. तिथे पाहुणा पहाटे पाचला उठतो, समुद्रावर जायचं असतं, चहा हवा असतो. त्यासाठी घरातल्या बाईने पाचला उठायचं का?

दोन माणसांच्या खोलीत ट्रे ठेवा. हिशोब असा:

- ४ टी-बॅग: ७ रुपये २० पैसे
- साखरेच्या ८ पुड्या, ६० पैशांच्या: ४ रुपये ८० पैसे
- दूध पावडरच्या ४ पुड्या, ३ रुपयांच्या: १२ रुपये

एकूण २४ रुपये. हातचे चार कप केले तर २२ रुपये ६४ पैसे. फरक दीड रुपयाचासुद्धा नाही, आणि पहाटेचे दोन तास मोकळे! इथे टी-बॅग महाग नाही, उलट स्वस्त आहे, कारण ती तुमचे कष्ट वाचवते. ऑफिसच्या थर्मासमध्ये मात्र तीच पिशवी तोट्यात नेईल. वस्तू तीच, जागा बदलली की हिशोब बदलतो.

पण सकाळी आठचा नाश्त्याबरोबरचा चहा पातेल्यातलाच द्या, गवती चहा घालून. पाहुण्याला आठवण राहते ती त्याची.

ट्रेसाठी तीन सूचना. एक, कोकणातला पाऊस लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर उघड्या पिशव्या ओल धरतात, वास जातो, साखर चिकटते. प्रत्येक पिशवी वेगळ्या पाकिटात असलेलाच माल घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन, एका कार्डावर मराठीत चार ओळींत कृती लिहा: पाणी खळखळून उकळा, पिशवी घाला, बशीने तीन मिनिटं झाका, शेवटी दूध-साखर. तीन, किटलीत रोज ताजं पिण्याचं पाणी.

७. उन्हाळ्यातला थंड गोड चहा

एप्रिल-मेमध्ये आंब्यासाठी लोक येतात आणि घामाने निथळत असतात. गरम चहा कमी खपतो. तेव्हा टी-बॅगचा दुसरा उपयोग आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात घरोघरी चहा कडक करून, गरम असतानाच भरपूर साखर विरघळवून थंड पितात. गंमत बघा, थंड चहा गाजला तो १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत. तिथे भारतीय चहाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड ब्लेचिन्डन यांना उकाड्यात गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्यांनी चहा बर्फावर थंड करून दिला, अशी प्रसिद्ध कथा आहे. थंड चहाच्या कृती त्याआधीही छापलेल्या होत्या, पण लोकप्रियता तिथून वाढली.

१ लिटरसाठी: ५०० मिली उकळत्या पाण्यात ६ पिशव्या, पाच मिनिटं झाकून. पिशव्या काढा, ८० ग्रॅम साखर गरम असतानाच विरघळवा. थंड झाल्यावर साखर तळाशीच बसते. मग ५०० मिली उकळून गार केलेलं पाणी आणि दोन लिंबांचा रस. हवी तर पाणी उकळतानाच गवती चहाची पात घाला.

खर्च: पिशव्या १० रुपये ८० पैसे, साखर ३ रुपये ६० पैसे, लिंबं १०, गॅस २. एकूण २६ रुपये ४० पैसे. २०० मिलीचे पाच ग्लास, प्रत्येकी ५ रुपये २८ पैसे, वर बर्फ आणि ग्लास. दूध नाही, म्हणून खर्च आटोक्यात राहतो.

इथे धोका आहे तो स्वच्छतेचा. चहा तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. उन्हात बाटली ठेवून चहा "उतरवायची" पद्धत कुठे बघितलीत तर धंद्यात करू नका, कोमट गोड पाण्यात जंतू वाढतात. फ्रिजमध्ये चहा गढूळ झाला तर तो खराब झाला असं नाही. चहातले घटक थंडाव्याने एकत्र येतात, म्हणून तसं दिसतं. थोडं उकळतं पाणी घातलं की निवळतो.

आणि बर्फ! रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरामुळे बर्फ भरपूर मिळतो, पण तो मासळीचा. खाण्याचा बर्फ वेगळा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा आदेश काढला, तो याचसाठी. तुम्ही घरीच पिण्याच्या पाण्याचा बर्फ करा.

८. रत्नागिरीचं कॅलेंडर आणि कागदपत्रं

धंदा बारा महिने सारखा चालत नाही. मार्च ते मे बागांत कामगार असतात, पर्यटक असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, म्हणजे बंदरावरची गिऱ्हाइकी बसते. पावसात पर्यटक कमी, पण गरम चहाला मागणी. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी. सरकारी ऑफिसं वर्षभर, सुट्ट्या सोडून. तुमचं गिऱ्हाईक यातलं कोण, ते ठरवून मगच महिन्याचा आकडा बाराने गुणा.

कागदपत्रं फार नाहीत, पण टाळू नका:

- घरून चहा करून विकलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या व्यावसायिकासाठी बेसिक नोंदणी आहे, ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उलाढालीसाठी. आपल्या ताईची उलाढाल ६० कपांनी वर्षाला पावणेदोन-दोन लाखांची, म्हणजे ती त्यात आरामात बसते. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर करायचा. मर्यादा आणि फी भरण्याआधी तिथेच बघून घ्या.
- घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्या.
- टपरी किंवा गाडी लावणार असाल तर जागेसाठी नगर परिषद किंवा ग्रामपंचायत.
- उद्यम नोंदणी फुकट आहे. कुणी तिचे पैसे मागितले तर देऊ नका.

९. गृहपाठ: सात दिवस, एक लिटर

उद्यापासून सात दिवस रोज एक लिटर चहा वजन-माप करून करा. खर्च साधारण ४०० रुपये. वहीत पाच रकाने आखा: घातलेलं साहित्य, झालेला खर्च, निघालेले कप, प्यायलेले कप, फुकट गेलेले कप.

चौथ्या दिवशी परीक्षा घ्या. तीन कप, खाली चिठ्ठी चिकटवून: तुमचा नेहमीचा, कमी दुधाचा आणि गुळाचा कोरा. घरच्यांना नाही, तुम्हाला खरं सांगतील अशा दहा जणांना द्या. "कुठला आवडला" एवढंच विचारू नका. "यातल्या कुठल्या कपाला दहा रुपये द्याल" असं विचारा. दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, आणि धंदा दुसऱ्या उत्तरावर चालतो.

सातव्या दिवशी तीन आकडे तुमच्याकडे असतील: एक कप कितीला पडतो, त्यात किती उरतं आणि घरखर्चाला पुरेल एवढं कमवायला रोज किती कप विकावे लागतील. तिसरा आकडा २०० आला आणि तुमच्या आसपास २०० माणसं नसतील, तर दागिने कपाटातच राहू द्या. दुसरा धंदा शोधू. चारशे रुपयांत ते कळलं. आणि आकडा ८० आला, समोर दीडशे माणसांचं ऑफिस असेल, तर पुढच्या भागाआधी त्या ऑफिसच्या शिपाईमामांशी बोलून या. तिथे चहा कुठून येतो, किती वाजता येतो आणि कशाची तक्रार असते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पुढच्या भागात याच वहीतून चहा मसाल्याची पुडी आणि तिचं लेबल बघू. सातही दिवसांची पानं भरून ठेवा.